वाचकांचे प्रश्न : एका घोडीसाठी ट्रेलर घ्यावा की पिकअप?

प्रश्न : आमच्याकडे एक मारवाडी घोडी आहे. तिची उंची ६२ इंच असून वजन अंदाजे ४०० किलो आहे. मुलीसाठी एक भीमथडी तट्टूही पाळले आहे, पण ते क्वचितच कोठे न्यावे लागते. आजवर आम्ही भाड्याच्या टेम्पोने घोडी नेत आलो. दिवाळीच्या सुमारास अकलूजचा बाजार, डिसेंबरमध्ये सारंगखेड्याची यात्रा आणि अधूनमधून पशुवैद्यकीय तपासणी एवढाच आमचा प्रवास असतो. परदेशात मोटारीमागे जोडतात तसा लहान ट्रेलर येथील फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्यावा, असा विचार आहे. आमच्याकडे एसयूव्ही आहे. हा विचार योग्य आहे का, की जुनी पिकअप घेऊन तिला बॉडी बांधावी?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून माझे मत असे आहे की, ट्रेलरचा विचार सोडावा, पिकअप घ्यावी आणि तीही एकाच घोडीसाठी बांधून घ्यावी. तट्टू आणि घोडी दोन्ही न्यायची असतील तेव्हा मोठा ट्रक भाड्याने घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

ट्रेलर ही वाईट वस्तू नव्हे. त्याचा तळ जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर असतो, त्यामुळे घोडे सहज चढते आणि भाराचा गुरुत्वमध्यही खाली राहतो. अडचण ओढणाऱ्या गाडीची आणि ब्रेकची आहे. ब्रिटनमध्ये प्रचलित असलेला दोन घोड्यांचा ट्रेलर रिकामा असतानाच सुमारे ९०० किलो भरतो. त्यात आपली घोडी आणि समजा २५० किलोंचे तट्टू चढवले, तर मागचा भार १,५५० किलो होतो. मागचा भार ओढणाऱ्या गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपुढे जाऊ नये, असा तेथील वाहनचालकांना सर्वसाधारण सल्ला असतो. या हिशेबाने गाडी १,८०० किलोंहून अधिक वजनाची हवी, शिवाय निर्मात्याने तिला तेवढा भार ओढण्याची परवानगी दिलेली हवी. आपल्याकडील अनेक मोटारींच्या पुस्तिकेत ट्रेलर जोडू नये असेच लिहिलेले असते, तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी ते पान वाचावे.

ब्रेकचा मुद्दा याहून गंभीर आहे. परदेशी ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर जोडावर रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. येथे बनवून घेतलेल्या ट्रेलरमध्ये ही यंत्रणा सहसा नसते, कारण बनवणाऱ्याच्या नजरेसमोर उसाची ट्रॉली असते. ट्रॉलीचा वेग वेगळा आणि उसाच्या मोळ्या काही दचकत नाहीत. तुळजापूरच्या घाटात उतारावर मागून दीड टनाचा जिवंत, हलता भार ढकलू लागला आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागला, तर अनुभवी चालकालाही गाडी सावरणे कठीण जाते. कायद्याच्या बाजूनेही पाहावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहनच आहे, म्हणून त्याची नोंदणी आणि विमा वेगळा लागतो. मंजूर नमुना नसलेला, कारखान्याच्या कोपऱ्यात जोडलेला ट्रेलर या पायरीवरच अडतो.

आता पिकअपविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२५-ई हा नियम १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. जनावरे नेणाऱ्या वाहनात प्रत्येक जनावरासाठी कायमस्वरूपी बसवलेला स्वतंत्र कप्पा असावा आणि घोड्यासाठी त्याचे क्षेत्र किमान २.२५ चौरस मीटर असावे, असे तो सांगतो. अशा वाहनातून दुसरा माल नेता येत नाही आणि त्यासाठी परिवहन कार्यालयाकडून विशेष परवाना घ्यावा लागतो. त्यामुळे घोडी नसेल तेव्हा गाडी भाजीपाल्याच्या भाड्याला लावून खर्च काढू, असा हिशेब मनात असेल तर तो आजच पुसून टाकावा.

२.२५ चौरस मीटर म्हणजे साधारण अडीच मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद जागा. पिकअपचा हौदा ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद धरला, तर क्षेत्र सुमारे ४.६ चौरस मीटर भरते. म्हणजे कागदावर दोन कप्पे बसतात. पण मधल्या आडोशाची जाडी आणि भिंतींना लावायची गादी वजा केली की दोन्ही कप्पे नियमाखाली घसरतात आणि घोडीला पाय फाकवून तोल सांभाळायला जागा उरत नाही. एका घोडीसाठी मात्र हाच हौदा उत्तम आहे. तरीही तिला साडेपाच फूट रुंदीत मोकळी सोडू नये, कारण प्रत्येक वळणावर ती या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळेल. साधारण तीन फूट रुंदीचा कप्पा किंचित तिरपा बसवावा, मागचे अंग उजवीकडे आणि तोंड डावीकडे. तोंड डावीकडे ठेवण्याला आधार आहे. प्राण्यांच्या वाहतुकीविषयीच्या १९७८ च्या नियमांत घोड्यांची तोंडे समोरून जाणाऱ्या वाहनांपासून दूर, डाव्या बाजूला असावीत असे म्हटले आहे. मोठ्या ट्रकमध्ये घोडी आडवी उभी करता येते. पिकअपमध्ये ती आडवी मावत नाही, म्हणून हा तिरपा मार्ग. उजवी भिंत घोडीच्या डोळ्यांच्या वरपर्यंत बंद ठेवावी आणि खिडकी डावीकडे काढावी.

‘छोटा हत्ती’ वर्गातील गाडी स्वस्त पडते, म्हणून तिचा मोह होतो. लग्नसराईत सजवलेला नुकरा (पांढराशुभ्र) घोडा अशा गाडीवर उभा करून नेताना आपण सर्वांनीच पाहिले आहे. तो हौदा सुमारे ७ फुटांचा असतो आणि आपली घोडी नाकापासून शेपटीपर्यंत ८ फूट भरेल. तिला सारा वेळ मान उंचावून उभे राहावे लागेल. शिवाय गाडीचे स्वतःचे वजन जेमतेम टनभर असताना वर ४०० किलोंचा उंच भार डुलत असेल, तर जोरदार वाऱ्यात किंवा अचानक वळणावर काय होईल, ते सांगायला नको.

पिकअपची वहनक्षमता मात्र आपल्याला हवी त्याहून जास्त असते आणि त्याचा एक तोटा आहे, जो विक्रेता सांगत नाही. तिचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) दीड टन मालासाठी घडवलेले असतात. चारशे किलोंच्या भाराखाली ते दबतच नाहीत आणि प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट घोडीच्या पायांत जातो. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर तेच पाय आधी सुजतात. बॉडी बांधताना जाणकार मिस्त्रीकडून पाट्यांचा विचार करून घ्यावा आणि टायरमधील हवा पूर्ण भाराच्या आकड्याला न ठेवता निर्मात्याच्या तक्त्यात कमी भारासाठी दिलेल्या आकड्याला ठेवावी. बॉडी तयार झाल्यावर साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर गाडी एकदा रिकामी आणि एकदा घोडीसह तोलून पाहावी. आपल्या जिल्ह्यात वजनकाट्यांची वाण नाही.

खर्चात हात आखडू नये अशी जागा म्हणजे तळ. नुसत्या पत्र्यावर किंवा चेकर प्लेटवर नाल लावलेला खूर घसरतो, विशेषतः मूत्राने ओला झाल्यावर. खाली जाड फळ्या, त्यावर घट्ट बसवलेली रबरी मॅट आणि कडेला पाणी निघून जाण्यासाठी फट, अशी रचना करावी. मॅट उचलता आली पाहिजे. छताची आतली उंची किमान साडेसात फूट हवी. हौदा जमिनीपासून अडीच-तीन फूट वर असल्याने गाडीची एकूण उंची दहा फुटांपुढे जाते. गावातल्या वीजतारा, लिंबाच्या फांद्या आणि रेल्वेखालचे भुयारी मार्ग यांचा विचार नेहमीचा रस्ता डोळ्यांसमोर आणून करावा. छत एकेरी पत्र्याचे ठेवू नये. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असताना असे छत घोडीला भाजून काढते. उष्णतारोधक थर घातलेले दुहेरी, पांढरे छत आणि समोरासमोर उघडणाऱ्या झडपा हव्यात.

फाळक्यालाच, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेलाच, उतरण करून घ्यावी असे बहुतेक मिस्त्री सुचवतात. तीन फूट उंचीला पाच फुटांचा फाळका लावला तर चढ फार उभा होतो. घोडी एकदा घसरली की पुढल्या वेळी पाय रोवून उभी राहते आणि मग चार माणसांचा आरडाओरडा सुरू होतो. दुमडणारी, किमान ८ फुटांची, आडव्या पट्ट्या ठोकलेली उतरण घ्यावी. तिची सोय नसेल तेथे मालाचा धक्का किंवा शेताचा बांध शोधावा. छातीसमोरचा दांडा बाहेरून उघडता आला पाहिजे, कारण घोडीने त्यावर पाय टाकला तर आत शिरून तो सोडवणे जीवावर बेतू शकते. म्होरकीचा दोर थेट लोखंडी कडीला न बांधता कडीत सुतळीचा वेढा घालून त्याला बांधावा. घोडी घाबरून मागे रेटली तर सुतळी तुटते आणि मान वाचते.

प्रवासाच्या वेळेचा अंदाज आपण नव्याने करावा, अशी माझी सूचना आहे. १९७८ च्या त्याच नियमांत घोडे नेणाऱ्या मालवाहू गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा असे म्हटले आहे. अकलूज आपल्याकडून ११० किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे निघाल्यापासून सव्वातीन तास धरावे लागतील. गळिताचा हंगाम सुरू झाला असेल तर मागे दिवा नसलेल्या दुहेरी ट्रॉल्याही वाटेत भेटतील, तेव्हा रात्री न निघता पहाट उजाडताना निघावे. सारंगखेडा पाचशे किलोमीटरांच्या पुढे आहे. हा प्रवास एका दमात करू नये. बीड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात मुक्काम ठरवावा आणि तेथे घोडीला उतरवून मोकळी फिरवावी. दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवावे आणि मान खाली करू द्यावी. तासन् तास मान उंच बांधून ठेवलेल्या घोड्याच्या श्वासनलिकेतील घाण बाहेर पडत नाही, ती फुप्फुसात उतरते आणि ताप धरतो. पोहोचल्यानंतर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून तापमान पाहावे. ते ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस या नेहमीच्या मर्यादेच्या वर गेले तर बाजाराचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवावे.

निघण्यापूर्वी घोडी प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र बरोबर ठेवणे आवश्यक आहे. वाटेत कागद विचारला जातो तो बहुधा हाच.

प्रश्न : घोड्यासाठी बॉडी बांधलेली जुनी पिकअप विक्रीस आहे. बाहेरून रंग नवा दिसतो. काय पाहावे?
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : नवा रंग हीच शंकेची पहिली जागा समजावी. मॅट पूर्ण उचलायला लावावी. मग गाडीखाली शिरून फळ्यांना आणि आडव्या लोखंडी पट्ट्यांना पेचकसाने टोचून पाहावे. घोड्याचे मूत्र कडेच्या सांध्यांत मुरते आणि लोखंड आतून खाते, त्यामुळे वरून धड दिसणारा तळ खालून पापुद्र्यासारखा सुटतो. पेचकस रुतला तर तळ नव्याने करावा लागेल असे धरून भाव सांगावा. विक्रेता मॅट उचलू देत नसेल तर परत फिरावे.

त्यानंतर नोंदणीपुस्तक पाहावे. बॉडीतील बदल त्यात नोंदलेला नसेल, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. चालकाच्या परवान्याचा प्रश्न मात्र पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

आधीच्या मालकाने बाजारातले घोडे ने-आण केले असतील तर गाडी धुतल्याशिवाय आपले जनावर चढवू नये. ग्लँडर्स हा घोड्यांचा सांसर्गिक रोग माणसालाही होऊ शकतो. त्याच्या निदानासाठी रक्तजलाचे नमुने हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवले जातात. आधी शेण आणि कचरा खरवडून साबणाच्या पाण्याने तळ, भिंती व गव्हाणी धुवाव्यात आणि नंतरच जंतुनाशक वापरावे. घाणीवर फवारलेले जंतुनाशक वाया जाते.

प्रश्न : प्रवासात मोतद्दाराने (घोड्याची देखभाल करणाऱ्याने) घोड्याजवळ हौद्यात उभे राहावे की केबिनमध्ये बसावे?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : बहुतेक मोतद्दार घोड्याच्या तोंडाशी उभे राहणे पसंत करतात आणि नवखे घोडे त्यामुळे शांत राहते, हे खरे आहे. पण अचानक ब्रेक लागला तर माणूस घोडा आणि भिंत यांच्यात सापडतो. मोठ्या ट्रकमध्ये मोतद्दारासाठी मजबूत आडोसा घातलेली वेगळी जागा आणि बाहेर पडण्याचे वेगळे दार असेल तरच त्याने मागे थांबावे. पिकअपमध्ये अशी जागा सहसा निघत नाही, म्हणून त्याने केबिनमध्ये बसावे. गाडी मागे घेताना वापरतात तसला कॅमेरा हौद्यात घोड्याच्या मानेच्या उंचीवर बसवून पडदा केबिनमध्ये लावता येतो. कॅमेऱ्याची तार घोड्याच्या तोंडाला लागणार नाही अशा रीतीने ती नळीतून घ्यावी, कारण उभ्या उभ्या कंटाळलेले घोडे हाती लागेल ते चघळते.