दूतावासातून विद्यापीठात जाताना

परराष्ट्र सेवेत 22 वर्षं काढल्यावर अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात नोकरी धरावी का, आणि मुलगी नववीत असताना धरावी का, असं तुम्ही विचारलंत. फॉर्म, फी, विमा हे सगळं संकेतस्थळांवर मिळेल, ते सोडून देऊ.

आधी नोकरीच्या पत्रात काम काय लिहिलंय ते नीट वाचा. परदेशी विद्यार्थ्याच्या आय-20 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणाऱ्या विद्यापीठाच्या दाखल्यावर, सही करणारा अधिकारी, ज्याला तिथे डीएसओ म्हणतात, तो नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकच असावा लागतो. दूतावासात हजारो व्हिसे दिलेल्या माणसाला एच-1बीवर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, ही सही करता येत नाही. मग तुमच्या वाट्याला येतात ते सामंजस्य करार, परदेशी विद्यापीठांशी भागीदारी, पाहुण्यांचे दौरे. त्यातही ‘कुठलीही पदवी चालेल’ असं जाहिरातीत असेल तर एच-1बी अडकतो. त्या कामाला ठरावीक विषयाचीच पदवी लागते हे दाखवावं लागतं. म्हणून कामाचं वर्णन आंतरराष्ट्रीय संबंध किंवा तत्सम विषयाला जोडून आधीच लिहून घ्या. विद्यापीठांना एच-1बीची लॉटरी, म्हणजे सोडत, नाही, अर्ज वर्षभर करता येतो. मात्र 21 सप्टेंबर 2025 पासून देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा भरणा आला. तुम्ही भारतात परतून अर्ज करणार असाल तर विद्यापीठाला हा प्रश्न पहिल्याच बोलण्यात विचारा.

राजीनामा देऊ नका, स्वेच्छानिवृत्ती घ्या. राजीनाम्याने मागची सेवा पेन्शनसाठी बुडते. आणि गट ‘अ’मधून निवृत्त झालेल्याने परकीय सरकारच्या नियंत्रणातल्या संस्थेत काम धरलं तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते, ती नसेल तर तेवढ्या काळाचं पेन्शन मिळत नाही. सरकारी विद्यापीठ म्हटल्यावर हा धोका पत्करूच नका, परवानगीचा कागद हातात पडल्यावरच रुजू व्हा.

आता मुलीचं. आपल्याकडे नववीचे गुण पुढे कोणी विचारत नाही. तिथे नववी ते बारावी चारही वर्षं सरासरीत धरतात आणि कॉलेजं तीच सरासरी बघतात. आपल्या शाळेतले 72 टक्के बरे मानले जातात; तिथला समुपदेशक आकड्याला आकडा लावून त्याचा ‘सी’ करतो, आणि तो ‘सी’ बारावीपर्यंत तिच्या गुणपत्रकात राहतो. जुन्या शाळेकडून विषयवार अभ्यासक्रम, तासिका आणि गुणांची पद्धत शिक्क्यानिशी आणा, आणि पहिल्याच भेटीत सांगा की बाहेरच्या वर्षाचे नुसते क्रेडिट लिहा, श्रेणी नको. नोंद एकदा झाली की बदलायला फार जड जातं. शिवाय तिचा एच-4, म्हणजे तुमच्या एच-1बीवर अवलंबून असलेला कुटुंबीयांचा व्हिसा, वयाच्या 21व्या वर्षी संपतो, म्हणजे ऐन कॉलेजात. तिला विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल, त्याची तयारी विसाव्या वर्षीच सुरू करा. मुलं आपल्या बदल्यांमागे फिरतात आणि मुदत आधी त्यांचीच संपते, हे मला अजूनही सलतं.

एकटेपणा येतो. महाराष्ट्र मंडळ असतं, गणपती असतो. 15 ऑगस्टला झेंडावंदनाला पाहुणा म्हणून उभं राहाल तो दिवस तेवढा जड जातो.

जी. पार्थसारथी आणि के. आर. नारायणन राजनैतिक सेवेतून जेएनयूचे कुलगुरू झाले. तो अधिकार तुमच्या टेबलावर नसेल, आणि हे सगळ्यात जास्त कळतं ते नागपूरहून एखाद्या आईचा फोन आल्यावर. मुलगा चार दिवस फोन उचलत नाही. दूतावासात असताना तुम्ही लगेच चक्रं फिरवली असतीत. इथे तो वर्गात येतो का, एवढंही त्याच्या लेखी संमतीशिवाय तिला सहसा सांगता येत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणारा 1974चा फर्पा कायदा आडवा येतो. तिचा नंबर लिहून घ्या, कॅम्पस पोलिसांना त्याच्या खोलीवर जाऊन विचारपूस करायला सांगा, आणि तो भेटला की त्यालाच, तुमच्यासमोर, घरी फोन लावायला लावा.