बर्फगाडीसाठी एफडी मोडायची का?

रावेर तालुक्यातल्या केळी बागायतदार भाऊंनी विचारलंय: लेक कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या सडबरीला नोकरी करते. वय 26, उंची जेमतेम पाच फूट. तिला स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर पट्ट्यानं पळणारी गाडी, घ्यायचीय. शोरूमवाल्यानं मिड-साइजचे 11 हजार कॅनेडियन डॉलर सांगितले, मोठीचे 14 हजार. “एकदाच घ्यायची तर मोठीच घेऊ, 10 लाखांची एफडी मोडतो,” असं भाऊंचं म्हणणं.

भाऊ, आधी मोठीचा विषय संपवू. नवतीच्या, म्हणजे नव्या लागवडीच्या, दोन ओळींत तुम्ही 50 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घालता का? छोटाच घालता ना? बर्फगाडीला उजव्या अंगठ्यानं रेस द्यायची, डाव्या हाताच्या बोटांनी ब्रेक दाबायचा. लेकीला म्हणावं, गाडीवर बस आणि हँडल एका अंगाला पूर्ण वळव. बाहेरचा हात ताठ होऊन पाठ पुढे ओढली गेली, तर ती गाडी तिच्या मापाची नाही. शिवाय भुसभुशीत बर्फात ही गाडी रुतते, आणि काढायची चालवणाऱ्यानंच. हाक मारली की बांधावरून चार पोरं धावत येतील, असं तिथं नसतं.

मिड-साइजमध्ये स्की-डूची निओ आहे, 600 सीसीचं इंजिन, ताकद 40 किंवा 55 हॉर्सपॉवर. (ट्रॅक्टरचे 40 डोळ्यांपुढे आणू नका, ही चांगलीच पळते.) पोलारिसच्या इव्होचा वेग कंपनीनंच ताशी 80 किलोमीटरच्या आसपास बांधलाय. शिकणारीला तेवढा पुरून उरतो. जुनी यामाहा मिळाली, तर भाव पाडून मागायचा. कंपनीनं 2023 मध्येच सांगून टाकलं, की उत्तर अमेरिकेत 2025 चं मॉडेल शेवटचं.

आता हिशेब. 11 हजारांवर ऑन्टारिओचा 13 टक्के कर धरून 12,430 डॉलर. डॉलर 65 रुपये धरला, तर आठ लाख आठ हजार. मोठी याच हिशेबानं सव्वादहा लाखांच्या पुढं जाते, म्हणजे एफडीत मावतच नाही. वर विमा, नोंदणी, ट्रेल परमिट (बर्फातल्या आखलेल्या वाटांवर गाडी चालवायचा परवाना), हेल्मेट, सूट आणि गाडी न्यायला ट्रेलर. तो ओढेल अशी चारचाकी तिच्याकडे आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. एवढं करून गाडी चालणार हिवाळ्याचे दोन-तीन महिने. टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक कापते त्या कराची, काळजी मात्र सोडा. वर्षाला 10 लाखांपर्यंत तो लागत नाही आणि वरच्या रकमेवर कापला गेला, तरी रिटर्नमध्ये जुळवता येतो.

मला अडतंय ते वेगळंच. मागच्या जूनच्या वादळात दीड एकर पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांवर धरलेली बाग) आडवी झाली, तेव्हा याच एफडीवर कर्ज काढून तुम्ही सावरलात, हे तुमच्याच पत्रात आहे. तुमच्या घरात दुसरा आधार नाही. लेक कमावती आहे, तुमची बाग मात्र वाऱ्याच्या भरवशावर. एफडी मोडू नका.

या हिवाळ्यात तिनं गाडी भाड्यानं घ्यावी, पहिल्यांदा गाइडबरोबर जावं. सात-आठ वेळा गेली आणि तरीही हौस टिकली, तर बर्फ वितळताना, लोक गाड्या विकायला काढतात तेव्हा, जुनी मिड-साइज घ्यावी, स्वतःच्या पगारातून. तुम्हाला द्यायचंच असेल, तर यंदाच्या कापणीच्या पैशातून हेल्मेट आणि सूट द्या. गाडी जुनी चालेल, हेल्मेट नवंच हवं.