मुदतपूर्व बदली आणि आमदारांचं पत्र

प्रश्न : माझी पत्नी राज्य शासनात गट-ब अधिकारी आहे. चौदा महिन्यांतच 'प्रशासकीय कारणास्तव' बदली झाली. मागे स्थानिक आमदारांचं पत्र आहे, असं कळतं. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) आव्हान टिकेल का?

उत्तर : पत्रावर भिस्त ठेवू नका. लोकप्रतिनिधीने तक्रार केली एवढ्यावरून बदली रद्द होत नाही. उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच हे सांगितलंय. प्रकरण टिकतं ते नस्तीवर, म्हणजे बदलीच्या सरकारी फाईलवर.

राज्याचा बदल्यांचा कायदा 2005 चा, अंमल 1 जुलै 2006 पासून. त्यात पदावधी तीन वर्षांचा. बदल्या एप्रिल-मे महिन्यांत, वर्षातून एकदाच. मुदतीआधी हलवायचं तर कलम 4(5) लागतं : विशेष बाब, लेखी कारण आणि लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता. बदलीचे अधिकार मंत्र्यांकडे असतील, तर ही मान्यता मुख्यमंत्र्यांची.

यातला 'पूर्व' शब्द महत्त्वाचा. आदेश आधी निघतो, मान्यतेची सही मागाहून येते. तारखा शेजारी ठेवल्या की उघडं पडतं. दुसरी ठरलेली चूक म्हणजे वीस नावांची यादी आणि सगळ्यांना मिळून एकच कारण. 'प्रशासकीय कारणास्तव' हे कारण नव्हे, शिक्का आहे. कारण तक्रारीचं असेल, तर तिची निदान प्राथमिक शहानिशा नस्तीत दिसायला हवी.

माहिती अधिकारात 'बदली का केली' असं विचारू नका, उत्तर मिळणार नाही. बदलीच्या नस्तीचा टिपणी भाग, नागरी सेवा मंडळाचं (बदल्यांची शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या समितीचं) इतिवृत्त आणि मान्यतेचं पान यांच्या प्रती मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प पुरतं. मात्र उत्तराची मुदत तीस दिवसांची. तोवर थांबलात तर एकतर्फी कार्यमुक्त करून त्या खुर्चीत दुसरा बसलेला असेल. म्हणून मॅटमध्ये मूळ अर्ज लगेच दाखल करून त्यातच अंतरिम स्थगिती मागा. नस्ती मॅटही मागवू शकतं.

आणि हो, उलट दुसऱ्या आमदाराचं पत्र आणायच्या फंदात पडू नका. बदलीसाठी राजकीय दबाव आणणं हा वर्तणूक नियमांचा भंग आहे. तो भंग तिच्या नावावर लागेल.

प्रश्न : पोलिसांनाही हाच कायदा लागू होतो का?

उत्तर : त्यांच्यासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 22-न पाहा. निरीक्षकाला एका ठाण्यात दोन वर्षं. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंग निकालानंतर (2006) बदल्या पाहणारी पोलीस आस्थापना मंडळं आली. मंडळाची बैठक खरोखर झाली का, हे इतिवृत्तातल्या सह्यांवरून तपासा.

प्रश्न : आयएएस अधिकाऱ्यांना संरक्षण किती?

उत्तर : जानेवारी 2014 पासून पदावर किमान दोन वर्षं, त्याआधी हलवायचं तर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या नागरी सेवा मंडळाची शिफारस. पण कारण नोंदवून ती फेटाळता येते, त्यामुळे कागदावर दिसतं त्याहून हे कवच बरंच पातळ आहे.