शोफर म्हणजे मुळात आगवाला

प्रश्न असा आला आहे : 'शोफर' आणि 'ड्रायव्हर' यांत नेमका फरक काय? विचारणाऱ्या बाईंच्या घरात यावर दोन मतं आहेत. सासऱ्यांच्या मते मालकाचा रुबाब मिरवायला, म्हणजे 'शो'साठी ठेवलेला, तो शोफर. मुलाच्या मते मालक मागे सोफ्यासारख्या सीटवर रेलून बसतो, म्हणून. शिवाय पुरवणी प्रश्न : लिहायचं शोफर की शॉफर, मराठी प्रतिशब्द आहे का, आणि बाई गाडी चालवत असेल तर काय म्हणायचं.

दोन्ही व्युत्पत्त्या झकास आहेत आणि दोन्ही चूक. यात शो नाही, सोफाही नाही. शब्द फ्रेंच आहे. 'शोफे' म्हणजे तापवणे आणि 'शोफर' म्हणजे तापवणारा. मोटारी यायच्या आधी फ्रान्समध्ये हा शब्द भट्टीपाशी उभं राहून कोळसा सारणाऱ्या माणसासाठी होता. आपल्याकडे रेल्वेच्या इंजिनावर आणि आगबोटीच्या पोटात हेच काम करणाऱ्याला 'आगवाला' म्हणत. शोफरचं याहून चपखल भाषांतर मला सापडलेलं नाही. गंमत अशी की शोफर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पांढरा गणवेश, टोपी, अदबीने उघडलेलं दार येतं, आणि आगवाला म्हटल्यावर काजळीने माखलेला, घामाने निथळणारा माणूस.

आता आगवाला मोटारीत कसा आला? त्यासाठी पेट्रोलच्या आधीच्या गाड्या पाहायला हव्यात. त्या वाफेवर चालत. ल मान्स गावच्या आमेदे बोले यांनी (आडनाव 'बोले', आपण हसायचं नाही) १८७३ साली बारा माणसं बसतील अशी वाफेची गाडी बांधली. तिचं नाव 'लोबेइसांत', म्हणजे आज्ञाधारक. तिच्यावर पुढे एक जण सुकाणू धरून बसे आणि मागे बॉयलरपाशी दुसरा निखाऱ्यांची निगा राखी. म्हणजे हाकणारा वेगळा, शोफर वेगळा. आज ज्याला आपण शोफर म्हणतो तो या गाडीवर पुढे बसलेला असता. खरा शोफर मागे धुरात होता.

या मागच्या माणसाने पुढे एकाला बक्षीस गमवायला लावलं. २२ जुलै १८९४ रोजी एका पॅरिसच्या वृत्तपत्राने पॅरिस ते रुआँ अशी बिनघोड्यांच्या गाड्यांची स्पर्धा भरवली. साधारण १२६ किलोमीटरचं अंतर. सगळ्यांत आधी पोचली काउंट द दियों यांची वाफेची गाडी. पण गाडी हाताळायला सोपी हवी ही अट होती, आणि हिला हाकणाऱ्याखेरीज आग सांभाळणारा लागत होता. परीक्षकांनी पहिलं बक्षीस पेट्रोलवाल्या प्यूजो आणि पानार-लवासोर यांना विभागून दिलं. पहिल्या आलेल्या काउंटना दुसरं मिळालं. भाषेच्या दृष्टीने पाहिलं तर निकाल असा होता : ज्या गाडीला शोफर लागतो ती गाडी कामाची नाही! आणि आज 'शोफर असलेली गाडी' ही ऐपतीची खूण.

मला या गोष्टीतला सर्वांत लोभस माणूस वाटतो तो लेओं सेर्पोले. जन्म १८५८. त्याची कंपनी 'गार्डनर-सेर्पोले' आज मोटारींचे शौकीन सोडले तर कुणाला आठवत नाही. १९०० ते १९०७, एवढंच तिचं आयुष्य. पण शोफर या शब्दाची कथा तिच्याशिवाय पुरी होत नाही, कारण सेर्पोलेने आगवाल्याचं कामच काढून घेतलं.

त्याची करामत समजायला स्वयंपाकघरात जाऊ. जुना तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत शेणी-लाकडं, भोवती पाणी. पहाटे पेटवला तर अंघोळीच्या वेळेपर्यंत पाणी कढत होणार. नेहमीचा बॉयलर म्हणजे असाच मोठा, बंद केलेला बंब : भरपूर पाणी, भरपूर वेळ, आणि फुटला तर भरपूर अनर्थ. (बंब हा शब्दही पाहुणाच; पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पंप. म्हणून आग विझवणारा तो बंब आणि पाणी तापवणाराही बंब.) आता दुसरं चित्र. भाकरीचा तवा लालबुंद तापलाय आणि त्यावर पाण्याचा शिपका मारला : चर्र, आणि पाण्याची वाफ. सेर्पोलेचा बॉयलर हा तवा होता. जाड पोलादी नळ्या चेपून आत जेमतेम फट ठेवलेली. नळ्या आधी तापवायच्या आणि मग लागेल तेवढंच पाणी पंपाने आत सोडायचं. आत गेलं की वाफ. साठवलेलं पाणीच नाही, त्यामुळे फुटायची धास्ती नाही.

या बॉयलरवर त्याने आधी तीनचाकी गाड्या केल्या. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात प्यूजोने मांडलेली पहिली गाडी सेर्पोलेच्याच वाफेच्या यंत्राची होती. पुढल्या वर्षी जानेवारीत, ऐन थंडीत, तो एर्नेस्त आर्शदेकों या मित्राला घेऊन तसल्या तीनचाकीवरून पॅरिसहून लियोंला गेला. वाटेत गाडी इतकी मोडली की प्रवास किती आणि दुरुस्ती किती असा प्रश्न पडावा, पण पोचले. प्यूजोने मात्र लवकरच वाफ सोडून पेट्रोल धरलं.

मग फ्रँक गार्डनर नावाच्या श्रीमंत अमेरिकनाने पैसा घातला आणि गार्डनर-सेर्पोले उभी राहिली. तोवर सेर्पोलेने कोळसा-कोक टाकून दिला होता. गाडीत रॉकेलचा बर्नर होता. ज्यांनी पंपाचा स्टोव्ह पेटवला आहे त्यांना तो कळेल : बर्नरच्या गळ्यात स्पिरिटचा काकडा अडकवायचा, बर्नर नीट तापू द्यायचा, मग पंप मारायचा. घाई केली तर रॉकेलची वाफ न होता ज्वाळा भपकन छताकडे. आमच्या आजीला काकडा कधी काढायचा ते नुसत्या आवाजावरून कळे. फ्रेंच शब्द काटेकोर वापरायचा तर ती आमच्या घरातली एकमेव शोफर. गाडीत मात्र तिला हमखास मळमळायचं.

तर या गाडीत पाण्याचा पंप आणि रॉकेलचा पंप एकमेकांना जोडलेले होते. पाणी वाढवलं की इंधन त्याच प्रमाणात वाढणार. निखारे सारणारा दुसरा माणूस नको. एकच जण बसून सगळं चालवतो. १३ एप्रिल १९०२ रोजी सेर्पोले स्वतः नीस शहरात समुद्रकाठच्या प्रोमनाद देझांग्ले या रस्त्यावर अंड्याच्या आकाराची एक गाडी घेऊन उतरला. लोक तिला 'ईस्टरचं अंडं' म्हणत. वेग भरला ताशी १२०.८० किलोमीटर. त्याआधीचा विक्रम १८९९चा, जेनात्झीच्या विजेवरच्या गाडीचा, १०५.८८चा होता. म्हणजे त्या घटकेला जगातली सर्वांत वेगवान मोटार वाफेची होती, आणि तिच्यात शोफर या शब्दाच्या जुन्या अर्थाने शोफर नव्हता.

पण शब्द अशा वेळी ऐकत नाहीत. लोकांच्या तोंडी एव्हाना मोटार चालवणारा तो शोफर असं बसलं होतं, मग गाडी वाफेची असो की पेट्रोलची. काही जण म्हणतात की हा शब्द पेट्रोलच्या गाड्यांमुळेच आला. सुरुवातीच्या बऱ्याच इंजिनांत ठिणगी नसे. एक छोटी नळी बर्नरने लाल करावी लागे तेव्हा इंजिन सुरू होई, म्हणून चालवणारा 'तापवणारा'. त्या नळ्या होत्या हे खरं, आणि त्यांनी शब्दाला हातभार लावला असेल. पण शब्द वाफेच्या इंजिनावर आधीपासून होता; पेट्रोलवाल्यांनी तो आयता उचलला.

सुरुवातीला फ्रेंचमध्ये आणि १८९९च्या सुमारास इंग्रजीत शिरला तेव्हाही शोफर म्हणजे पगारी नोकर नव्हे, तर स्वतःची मोटार स्वतः हाकणारा हौशी माणूस. म्हणजे मालकच. दोन-चार वर्षांतच मालक मागच्या सीटवर सरकले आणि शब्द पुढच्या सीटवर नोकराकडे गेला. आज फ्रेंचमध्ये गाडी चालवणारा कोणीही 'काँद्युक्तर', आणि पोटासाठी चालवणारा 'शोफर'. बसचा, टॅक्सीचा, ट्रकचासुद्धा. तिकडे शोफर या शब्दाला गणवेशाचा थाट नाही. थाट इंग्रजांनी दिला, आणि आपण तो त्यांच्याकडून घेतला. म्हणून मूळ प्रश्नाचं उत्तर : मराठीत ड्रायव्हर कोणत्याही गाडीचा असतो, शोफर एखाद्या माणसाचा असतो. 'ट्रकचा शोफर' आपण म्हणणार नाही. पॅरिसमध्ये रोज म्हणतात.

या शब्दाला एक काळा इतिहासही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या खेड्यांत दरोडेखोरांच्या टोळ्या घरात शिरून लोकांचे तळपाय विस्तवावर धरत आणि पैसे कुठे पुरलेत ते वदवून घेत. त्यांनाही शोफरच म्हणत. तापवणारे! आणि आज बेदरकार गाडी हाकणाऱ्याला फ्रेंच लोक 'शोफार' म्हणतात, शेवटी तुच्छतेचा प्रत्यय लावून. आपल्याकडे त्यासाठी वेगळा शब्द लागत नाही, हॉर्न पुरतो.

मूळ लॅटिनमध्ये : 'कालेरे' म्हणजे तापलेलं असणं. तिथूनच कॅलरी. याच कुळातली एक वस्तू तुम्ही प्रत्येक लग्नात पाहता. बुफेच्या टेबलावर खाली निळी ज्योत, वर झाकणाचं स्टीलचं भांडं, आत पनीरची भाजी. केटरर त्याला 'चाफिंग डिश' म्हणतो. ते चाफिंग आणि शोफरमधलं शोफ एकच, इंग्रजीत वेगवेगळ्या शतकांत आलेलं, म्हणून उच्चार फाकले. त्या भांड्यामागे उभा असलेला शेफ मात्र या घराण्यातला नाही. तो 'डोकं' या अर्थाच्या 'कापुत'चा वंशज.

गार्डनर-सेर्पोलेचं पुढे काय झालं ते दोन ओळींत. पेट्रोलची इंजिनं दरवर्षी स्वस्त आणि सोपी होत गेली. वाफेची गाडी हुशार असली तरी गुंतागुंतीची. १९०७च्या फेब्रुवारीत सेर्पोले अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारला आणि कंपनीही त्याच्याबरोबर गेली. पॅरिसच्या साँ-फेर्दिनां चौकात त्याचा पुतळा आहे.

आता उरलेले प्रश्न. लिहायचं शोफर. फ्रेंचमधला स्वर 'ओ' आहे, 'ऑ' नाही, इंग्रजीतही नाही. शॉफर हे आपलं उगाच जास्तीचं इंग्रजी. प्रतिशब्द म्हणाल तर एसटीने 'चालक' कधीच रुळवला आहे, आणि लायसन्सच्या सरकारी पोर्टलने आपल्या सगळ्यांना 'सारथी' करून टाकलंय. खासगी गाडीच्या नोकरासाठी सारथी मला जड वाटतो. सारथ्याने गीता सांगावी अशी अपेक्षा निर्माण होते. चालक चांगला, आणि तो बाईलाही चालतो, तुमचा शेवटचा प्रश्न त्यातच सुटला.

फ्रेंचमध्ये तो इतका सहज सुटत नाही. शोफरचं सरळ स्त्रीलिंग 'शोफ्यूझ', पण तो शब्द शेकोटीपुढे बसायच्या बुटक्या, बिनहातांच्या खुर्चीने फार पूर्वी अडवून ठेवलाय. पॅरिसमध्ये एखाद्या दुकानावर 'शोफ्यूझ मिळतील' अशी पाटी दिसली तर विमानतळावर सोडायला कोणी मिळेल म्हणून आत शिरू नका. फर्निचरवाला आहे तो.