बागेचा सल्ला : कुंडीतली चिलटं आणि पांढरी माशी

प्रश्न : गॅलरीत तीन कुंड्यांमध्ये हॉस्टा (रुंद पानांचं शोभेचं झाड) लावला आहे. पाणी घातलं की मातीतून बारीक काळी चिलटं उठतात. पंधरा दिवस रोज पानांवर कडुनिंबाचं तेल फवारतेय. चिलटं तशीच आहेत, पानांच्या कडा मात्र करपल्या.
— वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : फवारणी आजच थांबवा. रोजच्या तेलावर ऊन पडलं की कोवळी पानं करपतात. शिवाय ही चिलटं पानं खातच नाहीत. त्यांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत राहतात आणि बुरशी, कुजका पाला, कोवळी मुळं खातात.

आधी खात्री करा. बटाट्याची अर्धा इंच जाड चकती मातीत हलकीच दाबून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून बघा. काचेसारखं पांढुरकं अंग आणि चकचकीत काळं डोकं असलेल्या अळ्या दिसल्या, तर शंका उरत नाही.

मूळ दुखणं पाण्याचं आहे. पावसाळ्यात कोकोपीट (कुंडीच्या मातीत मिसळतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा) वरून सुकलेलं दिसतं, पण आत ओलंगच्च असतं. बोट दोन पेरं खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. मातीचा वरचा इंचभर थर खरवडून पिशवीत बांधून फेका (दुसऱ्या कुंडीत नको!) आणि त्या जागी जाड रेती घाला. बारीक रेती गच्च बसते, मग पाणी वरच तुंबतं. अर्धवट कुजलेलं शेणखत तर मुळीच नको, अळ्यांना ती मेजवानीच.

पिवळं चिकट कार्ड मातीलगत आडवं ठेवा. त्यावर उडती चिलटं अडकतात, अळ्या नाहीत. अळ्यांसाठी डासांवर वापरतात ते बीटीआय हे जिवाणूंचं औषध पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून मातीत ओता, आठवड्याच्या अंतराने तीनदा. दुकानदार भाजीवरच्या अळीचं 'बीटी' पुढे करील. ते पतंगांच्या अळ्यांसाठी असतं, इथे चालत नाही. अंड्यापासून चिलट व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत कार्ड रिकामं दिसलं म्हणून काम सोडू नका.

आणि एक कटू गोष्ट. हॉस्टा जपान, कोरिया, चीनकडचा. हिवाळ्यात त्याला काही आठवडे कडाक्याच्या थंडीची झोप लागते, ती ठाण्यात मिळत नाही. चिलटं गेली तरी दरवर्षी पानं लहान होत जातील. रुंद, रंगीत पानांची हौस कॅलेडियमवर भागवा.

प्रश्न : जास्वंदीला हात लावला की पांढरा भुसा उडतो. खालची पानं चिकट आणि काळी झाली आहेत.
— वाचक, नेरुळ

उत्तर : ही पांढरी माशी. तिची पिल्लं पानाच्या पाठीला खवल्यासारखी चिकटून रस शोषतात. त्यांच्या अंगातून गळणाऱ्या गोड चिकट्यावर काळी बुरशी चढते. ती ओल्या फडक्याने पुसली जाते, पण आधी माशी आवरा.

सगळ्यात खराब पानं तोडा. मग पाइपची धार खालून वर, पानांच्या पाठीवर मारा. संध्याकाळी फवारणी करा : एक लिटर कोमट पाणी, २ मिली लिक्विड सोप, ५ मिली कडुनिंबाचं तेल. आधी साबण थोड्या पाण्यात विरघळवा, त्यात तेल थेंबथेंब घालत ढवळा, दुधासारखं झालं की उरलेलं पाणी ओता. तेल तरंगत असेल तर फवारू नका, ते थेंबच पान जाळतात. द्रावण त्याच दिवशी संपवा. पहिल्यांदा दोनच पानांवर मारून एक दिवस थांबा.

सहा-सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. एका फवारणीत अंडी आणि कोष वाचतात; लोक नेमके इथेच थांबतात आणि औषधाला नावं ठेवतात. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही तोडा, कारण गोड रसासाठी मुंग्या माशीच्या शत्रुकिडींना हुसकावतात.

प्रश्न : कुंड्यांजवळ व्हिनेगरची वाटी ठेवली तर चिलटं मरतील का?
— वाचक, खारघर

उत्तर : पिकल्या केळ्यांवरची, तांबड्या डोळ्यांची चिलटं व्हिनेगरला भुलतात. कुंडीतली वेगळी, ती फारशी फिरकत नाहीत. वाटी स्वयंपाकघरात ठेवा.