एकाच घावाला खुनाचं कलम कसं?

प्रश्न : बांधावरून भांडण झालं, डोक्यात काठीचा एकच घाव बसला आणि माणूस दगावला. पोलिसांनी खुनाचं कलम लावलंय. वकील म्हणतात, 'सदोष मनुष्यवधा'वर येईल. फरक काय? मालिकांतलं 'फर्स्ट डिग्री मर्डर' आपल्याकडे असतं का?

उत्तर : नाही. ती गांभीर्यानुसार खुनाचे दर्जे पाडणारी अमेरिकेतली विभागणी. पेनसिल्व्हेनियाने ती १७९४ मध्ये आणली. सदोष मनुष्यवध म्हणजे मारण्याच्या किंवा जिवावर बेतेल अशी जखम करण्याच्या हेतूने, किंवा जीव जाऊ शकतो हे जाणून केलेल्या कृत्याने कुणाचा जीव जाणं. आपल्याकडे प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून ठरत नाही. घटना १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ खुनाचं : फाशी किंवा जन्मठेप. कलम १०५ सदोष मनुष्यवधाचं : हेतू सिद्ध झाला तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं, नुसती जाणीव असेल तर १० वर्षांपर्यंत. त्याआधीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड संहितेची (भादंवि) ३०२ आणि ३०४ हीच कलमं.

'एकच घाव, म्हणजे खून नाही' या समजुतीवर मात्र विसंबू नका. विरसा सिंग खटल्यात (१९५८) पोटात भाल्याचा एकच वार होता. आतडी बाहेर आली, माणूस दुसऱ्या दिवशी गेला. सर्वोच्च न्यायालयाने खूनच मानला. नेमकी तीच जखम करायची होती का, आणि सर्वसाधारणपणे मरण यायला ती पुरेशी होती का, एवढंच बघितलं. 'मारायचं नव्हतं' म्हणून भागलं नाही. म्हणून शवविच्छेदन अहवालात डॉक्टर जखमेबद्दल काय लिहितात, ते आधी वाचा.

तुमच्या वकिलांचा रोख बहुधा खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरवणाऱ्या 'अचानक भांडणा'च्या अपवादावर असावा. भांडण आधी कुणी काढलं, याला त्यात महत्त्व नाही. पूर्वतयारी नसावी, रागाच्या भरात घडलेलं असावं, गैरफायदा घेतलेला नसावा आणि क्रूरपणाही नसावा. काठी हातातलीच होती की घरून आणली? पडलेल्यावर पुन्हा मारलं का? पंचनामा आणि साक्षी इथेच तपासल्या जातात. अपवाद दाखवून देण्याची जबाबदारी आरोपीवर असते, हे बरेच जण विसरतात.

राग निवायला वेळ मिळाला तर प्रक्षोभाचा, म्हणजे 'अचानक डिवचल्याने तोल गेला' असा बचावही टिकत नाही. नौदल अधिकारी नानावटी यांच्या खटल्यात (१९६१) पत्नीने विवाहबाह्य संबंधाची कबुली दिल्यापासून त्यांनी तिच्या प्रियकरावर गोळ्या झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले. मधल्या वेळात जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणलं. जन्मठेप कायम राहिली.

पोलिसांचं कलम अंतिम नसतं. निकालापर्यंत न्यायालय आरोप बदलू शकतं, आणि खुनाच्या आरोपावरून १०५ खाली शिक्षाही देऊ शकतं.