विमानाच्या मेंटेनन्समध्ये चुका होतात हे वाचल्यावर विमानावर भरवसा कसा ठेवायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की आईला पहिल्यांदाच नागपूरहून बंगलोरला विमानानं पाठवायचंय, तिकीटही काढून झालं, पण 'तांत्रिक बिघाड, विमान परतलं' नाहीतर 'मेंटेनन्समध्ये हलगर्जी, डीजीसीएची नोटीस' (डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं) असल्या बातम्या पाहून त्या म्हणून राहिल्या की मी आपली रेल्वेनंच जाते, तर हे मेंटेनन्सवाले लोक खरंच भरवशाचे असतात का.

मी त्याच लोकांपैकी आहे. एएमई, म्हणजे विमानाचं काम झाल्यावर 'हे उडायला योग्य आहे' अशी सही करणारा लायसन्सवाला इंजिनिअर, सध्या नागपूरच्या मिहानमध्ये हँगरला, म्हणजे विमान दुरुस्तीच्या मोठ्या शेडमध्ये, आहे. मिहानमध्ये बोईंगनं एअर इंडियासाठी बांधून दिलेला एमआरओ, म्हणजे विमान दुरुस्तीचा कारखाना, आहे हे नागपुरात सगळ्यांना माहीत असतं, पण अशा हँगरच्या आत रात्री तीन वाजता नेमकं काय चालतं हे कोणी विचारत नाही, तुम्ही विचारलं म्हणून बरं वाटलं.

आईला पाठवा. पण 'आमच्या चुका होतच नाहीत' या कारणावरून नाही, कारण चुका होतात, आणि जो एएमई म्हणतो होत नाहीत त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. भरवसा कशावर ठेवायचा ते जरा लांबण लावून सांगतो.

१० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजचं एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमध्ये मालागाला निघालं होतं. १७,३०० फुटांवर असताना कॅप्टनसमोरची काच पूर्ण निघून गेली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर हवेच्या झोतानं कंबरेपर्यंत बाहेर ओढले गेले. केबिन क्रूनी त्यांचे पाय धरून ठेवले, को-पायलटनं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि कॅप्टन चक्क जगले, काही महिन्यांनी परत उडवायलाही लागले. आता काच का गेली, तर आदल्या रात्री नाही, त्याच्या आधीच्या रात्री ती बदलली होती आणि ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला फक्त ०.६६ मिलिमीटर बारीक होते, उरलेले ६ जाडीला बरोबर पण लांबीला कमी. बदलणारा माणूस नवशिका नव्हता हो, शिफ्टचा मॅनेजर होता, माणसं कमी म्हणून स्वतः कामाला लागला होता. जुना बोल्ट काढला आणि स्टोअरमध्ये अंधुक उजेडात नवा बोल्ट त्याला डोळ्यानं जुळवून घेतला, कॅटलॉग उघडून पार्ट नंबर पाहिला नाही. आणि मुख्य म्हणजे तेव्हाच्या नियमात काचेचं काम 'दुसऱ्यानं येऊन तपासायचं' या यादीतच नव्हतं. म्हणजे एका थकल्या माणसाच्या नजरेवर सगळं विमान उभं होतं.

मला ही केस शिकताना सगळ्यात जास्त लागली ती याच्यासाठी की यात कोणी वाईट माणूस नाहीये. पैसे खाल्ले नाहीत, दारू पिऊन काम केलं नाही, काम लवकर संपवून विमान वेळेवर द्यायची तळमळच होती उलट. म्हणून 'हलगर्जी कर्मचाऱ्यांना काढून टाका' एवढं म्हटलं की आपल्याला बरं वाटतं पण पुढच्या वेळी तोच बोल्ट तिथंच बसतो, फक्त हात दुसऱ्याचा.

दुसरी केस १९९१ ची, अमेरिकेत टेक्सासमध्ये. कॉन्टिनेंटल एक्स्प्रेसच्या छोट्या विमानाच्या शेपटीवरच्या आडव्या पंखाचे ४७ स्क्रू एका शिफ्टनं काढले, शिफ्ट बदलली, काढलेत हे नीट लिहिलंही नाही आणि पुढच्याला नीट सांगितलंही नाही, सकाळी विमान तसंच उडालं. १४ जण गेले. आज शिफ्ट संपताना आम्ही काम कुठवर आलं ते टास्क कार्डवर लिहून, वर विमानाजवळ उभं राहून पुढच्याला हात लावून दाखवतो, हा पॅनल उघडाय, ही पाइप ढिली सोडलीय, ते उगीच नाही. घरून बायकोचे फोन येत असतात, डोळे मिटत असतात, तरी त्या अर्ध्या तासात घाई करायची नाही.

आणि १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या एका विमानात तिन्ही इंजिनांना एकाच वेळी एकाच पद्धतीनं काम करताना तेलातले धातूचे कण पकडणाऱ्या डिटेक्टरची रबरी रिंग बसवायची राहिली, तिन्हींचं तेल गळालं, कसंबसं एक इंजिन परत चालू करून मायामीला उतरले, सगळे वाचले. तिथून एक विचार पक्का झाला की एकच काम दोन्ही इंजिनांवर एकाच माणसानं एकाच वेळी शक्यतो करायचं नाही, समुद्रावरून लांब जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांना तर तसे नियमच आहेत.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो, आधीच्या नोकरीतली, दुसऱ्या शहरातली. विमानाची मोठी तपासणी संपली होती, विमान सकाळी बाहेर काढायचं होतं. टूल परत देताना आमच्याकडे फोमच्या ट्रेमध्ये प्रत्येक टूलच्या आकाराची खाच असते, रिकामी खाच लगेच दिसते. एक १० नंबरचं सॉकेट, म्हणजे नट फिरवायच्या पान्याचं टोक, नव्हतं. अंगठ्याएवढी वस्तू. ऑपरेशननंतर कापसाचे बोळे मोजतात ना डॉक्टर, तसंच आहे हे, मोजणी जुळल्याशिवाय शिवायचं नाही. टेक्निशियन पोरगा वर्ध्याकडचा, नोकरीला नवीन, त्यानं स्वतःहून येऊन सांगितलं की सर माझ्याकडून गेलं. त्याला कळत होतं की हे बोललो की विमान थांबणार, आणि त्याला हेही माहीत होतं की खिशातून दुसरं सॉकेट ट्रेमध्ये ठेवलं असतं तर कोणालाच कळलं नसतं. सगळे बंद केलेले पॅनल परत उघडले, टॉर्च, आरसा, चुंबक घेऊन चार जण पंखाखाली झोपलो, आणि उजाडल्यावर ते फ्लॅपच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या भागाच्या, ट्रॅकच्या बाजूला एका कोपऱ्यात सापडलं. तिथं अडकलं असतं तर फ्लॅप जाम व्हायची शक्यता होती. विमान उशिरा गेलं, प्रवाशांना 'तांत्रिक कारण' एवढंच सांगितलं, लोक तिकडे गेटवर आरडाओरडा करून राहिले होते. आमचा शिफ्ट इन्चार्ज त्या पोराला ओरडला नाही, त्यानं चहा पाजला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, हेच पाहिजे मला.

माझा भरवसा याच्यावर आहे. चूक करणाऱ्याला चूक बोलून दाखवता आली पाहिजे. कंट्रोलचं काम असेल, म्हणजे विमान वर-खाली करणाऱ्या आणि वळवणाऱ्या भागांचं, एलेव्हेटर, रडर, आयलेरॉनची केबल वगैरे, तर एक जण करतो आणि दुसरा लायसन्सवाला स्वतंत्रपणे परत तपासतो, त्याला ड्युप्लिकेट इन्स्पेक्शन म्हणतात, दोन्ही सह्या नावासकट लायसन्स नंबरसकट रेकॉर्डला राहतात. पण कागदावर कितीही सह्या असू द्या, बोललो तर नोकरी जाईल असं ज्या हँगरमध्ये पोरांना वाटतं तिथं त्या सह्यांना काही अर्थ उरत नाही. खोटी सही, न केलेलं काम केलं म्हणून लिहिणं, हा गुन्हा आहे, त्याला शिक्षा झालीच पाहिजे, लायसन्स गेलं पाहिजे, यात मी कोणाचीही बाजू घेणार नाही. पण प्रामाणिकपणे सांगितलेल्या चुकीला आणि खोट्या सहीला एकाच मापानं मोजलं की पुढचा माणूस गप्प बसतो. बाहेर न आलेली चूक किती दिवस पडून राहते, तर जपान एअरलाइन्सच्या ७४७ ची मागच्या भागाची चुकीची दुरुस्ती १९७८ मध्ये झाली आणि ते विमान पडलं १९८५ मध्ये, ५२० माणसं गेली.

अहमदाबादच्या एअर इंडियाच्या अपघाताबद्दल तुम्ही लिहिलं नाही पण आईच्या मनात तेच असणार. १२ जून २०२५ चा तो अपघात आम्हा लोकांनाही झोपू देत नव्हता, विमानातले २४१ जण आणि खालचेही लोक गेले. पण जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालात इंजिनांचे दोन्ही फ्युएल स्विच एकामागोमाग 'रन'वरून 'कटऑफ'ला, म्हणजे इंधन बंद करण्याच्या जागी, गेले असं नोंदवलंय, मेंटेनन्सची चूक असं त्यात म्हटलेलं नाही. म्हणून सरसकट 'मेंटेनन्सनं मारलं' म्हणणं त्या गेलेल्या लोकांनाही न्याय देणारं नाही असं मला वाटतं.

आता 'बिघाड असूनही विमान उडवलं' या बातम्यांचं. एमईएल म्हणून एक पुस्तक असतं, कोणती गोष्ट बंद असली तरी विमान जाऊ शकतं, कोणत्या अटीवर, आणि किती दिवसांत दुरुस्त करायचीच, ते त्यात लिहिलेलं असतं, बहुतेक ३, १० किंवा १२० दिवस. सुरक्षेशी संबंधित वस्तू यात नसेल आणि ती बिघडली की विमान हलत नाही, पायलटही घेत नाही. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री असताना विमानात बसल्यावर एसी नीट चालत नाही, लोक सेफ्टी कार्डानं वारा घेत व्हिडिओ काढतात की विमान खराब आहे. पुष्कळदा शेपटीतलं छोटं इंजिन, एपीयू, बंद असतं, जमिनीवर हवा आणि वीज द्यायचं त्याचं काम असतं, ते बंद असलं तरी मोठी इंजिनं चालू झाली की केबिन थंड होते. त्रास होतो, खरंच होतो, म्हाताऱ्या माणसाला जास्त होतो, पण तेवढ्यानं ते विमान धोक्याचं होत नाही.

आईला एवढं सांगा की पाणी, औषधं आणि थोडं खायला हातातल्या बॅगमध्ये ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको, आणि बंगलोरला उतरल्यावर लगेच पुढची बस वगैरे ठेवू नका. उशीर झाला तर बसून राहायचं. तुम्हीही काउंटरवरच्या पोरीवर ओरडू नका जी, तिच्यावरचं प्रेशर फोनवरून हँगरपर्यंत येतं, 'किती वेळ, किती वेळ', आणि पंखाखाली झोपलेल्या माणसाच्या कानाशी तेच वाजत असतं.

एअरलाइन्सकडून मात्र मला एक पाहिजे. 'तांत्रिक कारणामुळे' हा शब्द सोडा आणि खरं काय ते सांगा, डाव्या इंजिनाच्या ऑइल फिल्टरचा मेसेज आला होता, फिल्टर बदलून तपासून राहिलो, दीड तास लागेल. काही कॅप्टन स्वतः माइक घेऊन असं सांगतात, आणि मी लाइनवर, म्हणजे विमानतळावर उभ्या विमानांच्या कामावर, होतो तेव्हा खाली उभं राहून पाहिलंय, तसं सांगितलं की लोक थांबतात, चार प्रश्न विचारतात, पण भांडत नाहीत.